खानदेशचा कापडबाजार आणि गिऱ्हाइकाची पारख

खानदेशांतील शेतकरी कापूस विकावयास नेतो, तेव्हां त्याच्या मालाची परीक्षा किती बारकाईनें होते हें सर्वांस ठाऊक आहे. खरीददार ढिगांत खोलवर हात घालतो, मूठभर कापूस उपसून काढतो, सरकीपासून चिमूटभर रुई अलग करतो, ती दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ओढतो आणि तंतूची लांबी डोळ्यांसमोर धरून मगच भाव सांगतो. ओल किती, पालापाचोळा किती, किडका कापूस किती, हें पाहिल्यावांचून तो पुढचा शब्द बोलत नाहीं. शेतकऱ्यालाही ही विद्या चांगली अवगत असते. परंतु तोच शेतकरी पुढें पंधरा दिवसांनीं लग्नाचा बस्ता बांधावयास जळगांवच्या किंवा धुळ्याच्या पेठेंत जातो, तेव्हां हा सारा विवेक तो दुकानाच्या पायरीशीं ठेवून आंत शिरतो. रंग डोळ्यांत भरला आणि काठ मनास आला, कीं व्यवहार संपला. ज्या वस्तूचा कच्चा माल तो स्वतःच्या शेतांत पिकवितो, तीच वस्तु तयार होऊन समोर आली म्हणजे तिची पारख त्यास परकी वाटावी, ही नवलाची गोष्ट होय.

या नवलाचें कारण त्याच्या भोळेपणांत नाहीं, तर कापडबाजाराच्या इतिहासांत आहे. गेल्या चारशें वर्षांत कापूस पिकविणारा, कापड विणणारा आणि कापड नेसणारा हे तिघे एकमेकांपासून हळूहळू दूर गेले. त्यांच्यामध्यें जें अंतर पडलें तें भरून काढण्यासाठीं प्रथम दलाल, मग छाप आणि शेवटीं चिठ्ठी आली. प्रत्येक छापेनें गिऱ्हाइकास कांहीं सांगितलें, पण सर्व कांहीं कोणत्याच छापेनें सांगितलें नाहीं. कोणती छाप काय सांगते आणि कशाविषयीं मौन धरते, हें जाणणें म्हणजेच कापड घेण्याची कला.

जुन्या काळीं तापीचें खोरें कापडासाठीं दूरवर प्रसिद्ध होतें. काळी कसदार जमीन, बारमाही नदी आणि बऱ्हाणपुराहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा राजमार्ग अशीं तिन्ही साधनें येथें एकत्र आलीं होतीं. फारुकी सुलतानांच्या अमलांत बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी झाली. आज हें शहर मध्य प्रदेशांत असलें, तरी कापडाच्या इतिहासांत त्यास खानदेशापासून वेगळें काढतां येत नाहीं. इ. स. १५८४ च्या सुमारास राल्फ फिच हा इंग्रज प्रवासी या बाजूनें उत्तरेकडे गेला. बऱ्हाणपुरास पांढरें व रंगीत चितारलेलें सुती कापड विपुल होतें, असें तो नमूद करतो. इ. स. १६०१ मध्यें अशीरगड पडून हा मुलूख अकबराच्या हातीं गेला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ ग्रंथांत खानदेशाच्या वर्णनांत धरणगांवचें नांव मुद्दाम आलें आहे, तें तेथील ‘सिरीसाफ’ व ‘भिरौन’ या तलम कापडांसाठीं. पुढें सतराव्या शतकांत ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुराहून गेला. तेथील तलम, पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान व कैरोपर्यंतच नव्हे, तर रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, आणि तिच्यांतील कांहीं वस्त्रांच्या अंगांतून सोन्यारुप्याच्या पट्ट्या काढलेल्या असतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

एवढ्या दूरच्या देशांत माल जात असतां खरीददार फसत कसा नसे? तो फसत असेच. म्हणूनच तो विणकराच्या जवळ येऊं पाहत असे. ईस्ट इंडिया कंपनीनें इ. स. १६७४ मध्यें धरणगांवास वखार घातली, तिचें मर्म हेंच होतें. सुरतेच्या बाजारांत चार हात फिरून आलेला माल घेण्यापेक्षां मागाशेजारीं बसून तो घेणें अधिक फायद्याचें होतें. दुसऱ्याच वर्षीं मराठी फौजेनें ती वखार लुटली. पण हिंदुस्थानांतील कंपनीच्या सर्वच वखारींत जी रीत चालत असे ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारकून विणकरांस आगाऊ पैसे देत, मासल्याचा एक तुकडा जपून ठेवीत आणि आलेलें प्रत्येक ठाण त्या मासल्याशीं ताडून त्याची प्रत ठरवीत. पोत, लांबी आणि पन्हा या तिन्ही गोष्टी मासल्याशीं जुळल्या तरच पूर्ण दाम मिळे. आजच्या गिऱ्हाइकासही यांतून पहिला धडा मिळतो: घरांत जें लुगडें किंवा जो सदरा दहा वर्षें टिकला, त्याचा एक तुकडा पिशवींत घालून दुकानीं न्यावा. आठवणींतलें कापड नेहमींच चांगलें वाटतें. हातांतलें कापड खरें बोलतें.

गांवच्या गिऱ्हाइकास अशा मासल्याची गरज नसे. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर, रंगारी आणि शिंपी हे बहुधा जवळच्या कसब्यांतच राहत. लुगडें धुण्यांत विरलें, तर पुढच्या आठवड्याच्या बाजारीं विणकराची गांठ पडणारच असे. त्याच्या मालाची हमी म्हणजे त्याचें तोंड. तथापि त्या काळाचें फार गोड चित्र रंगवूं नये. हात हें माप माणसागणिक बदले आणि गज हा गांवागणिक. अकबरानें इलाही गज ठरवून दिला, पण पुढेंही ठिकठिकाणचे गज निराळेच राहिले. मुंबईचा गज २७ इंचांचा, तर इंग्रज अमलांत उत्तरेकडे इलाही गज ३३ इंचांचा धरला गेला. तेव्हां ‘गजाला इतके पैसे’ हा भाव ऐकून स्वस्ताई ठरविणारें गिऱ्हाईक तेव्हांही फसत असे. कोणत्या मापाचा भाव, हा प्रश्न भावाच्या आधीं विचारला पाहिजे, हा दुसरा धडा.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई जाऊन खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें मुलुखाच्या मध्यावर असलेलें धुळें हें मुख्य ठाणें केलें आणि १८१९ मध्यें तेथें नवी पेठ वसविली. व्यापारी व कारागीर यांनीं येऊन राहावें म्हणून त्यांस जागा व सवलती देण्यांत आल्या. धुळ्याच्या आखीव, रुंद रस्त्यांच्या वस्तीचा हा आरंभ. परंतु खानदेशच्या कापडाचें दैव ज्यानें पालटलें, तें आगगाडी आणि अमेरिकेंतील यादवी युद्ध यांनीं. इ. स. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि नेमक्या त्याच दशकांत लोहमार्ग चाळीसगांव, जळगांव, भुसावळ असा खानदेशांतून पुढें सरकला. कापसाचे भाव कडाडले. अॅशबर्नर या जिल्हाधिकाऱ्यानें हिंगणघाटचें लांब धाग्याचें बियाणें खानदेशांत आणविलें. जळगांव हें तेव्हांपासून कापसाच्या गासड्यांचें गांव झालें. कापूस ज्या गाडीनें गेला, त्याच गाडीनें विलायती कापड परत आलें.

येथेंच या इतिहासांतील सर्वांत बोचणारी गोष्ट घडली. कापूस महाग होतांच त्यांत सरकी, माती व पाणी मिसळून वजन वाढविण्याचे प्रकार होऊं लागले. हलका कापूस भारी कापसांत मिसळला जाऊं लागला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीं ओरड केली. सरकारनें तत्परतेनें इ. स. १८६३ मध्यें मुंबई इलाख्यांत कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा केला; तपासनीस नेमले, दंड व शिक्षा ठरविल्या. खरीददाराचें रक्षण झालें, हें योग्यच झालें. पण त्याच काळांत उलट दिशेनें येणाऱ्या मालाची काय स्थिति होती? कापूस महागल्यामुळें लँकेशायरमधील कांहीं कारखानदारांनीं सूत कमी आणि खळ जास्त असें कापड विणण्यास आरंभ केला. खळींत पिठाबरोबर चिनी माती घातली जाई. असें कापड दुकानांत जाड, भरदार आणि जड लागे. पहिल्या धुण्यांत माती पाण्याबरोबर वाहून जाई आणि हातीं जाळीदार चिंधी उरे. खळ ओली राहावी म्हणून तिच्यांत जे क्षार मिसळीत, त्यांच्या योगानें दमट हवेंत कापडावर बुरशीचे डागही पडत. खानदेशच्या कापसांतील माती हा गुन्हा ठरला. खानदेशच्या बाईनें विकत घेतलेल्या लुगड्यांतील माती मात्र व्यापारी कौशल्य ठरली.

या कापडाविषयीं हिंदुस्थानांत छापेचा कायदा होण्यास १८८९ साल उजाडावें लागलें, म्हणजे कापसाच्या कायद्यानंतर तब्बल २६ वर्षें. मालावरील छापांसंबंधींच्या त्या कायद्यान्वयें ठाणावर त्याची खरी लांबी वारांत, ठळक आंकड्यांनीं छापणें बंधनकारक झालें. ही सुधारणा लहान नव्हती. ठिकठिकाणच्या गजांच्या घोळांतून गिऱ्हाईक सुटलें आणि ३६ इंचांचा वार सर्वत्र एकच झाला. पण छापेंत आंकडा होता तो लांबीचा. सुतांत खळ किती, याविषयीं छाप एक अक्षरही बोलत नव्हती. जें मोजतां येतें तें कायद्यानें मोजलें. जें चाचपून पाहावें लागतें तें गिऱ्हाइकावर सोपविलें.

म्हणून खळीची परीक्षा प्रत्येकास आली पाहिजे. खळ ही मुळांत लबाडी नव्हे, हें प्रथम लक्षांत घ्यावें. मागावर उभ्या धाग्यांना फणीचें व धोट्याचें घर्षण सोसावें लागतें. खळीनें त्यांस बळकटी येते. खळीवांचून विणकाम अवघड. दोष आहे तो अतिरेकांत. तो ओळखण्यासाठीं कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून, धुतांना चोळतात तसा चोळावा. पांढरी पूड झडली, किंवा चोळलेला भाग एकाएकीं विरळ व लुळा दिसूं लागला, तर कापडाचें अंग खळीचें आहे असें समजावें. मग तें उजेडासमोर धरावें. धागे समांतर, सारख्या जाडीचे व सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. उभे धागे दाट आणि आडवे विरळ असतील, तर अशा कापडाचा सदरा खांद्यावर व कोपरावर आधीं फाटतो. घरीं एक वार कापड वजन करून, धुवून, वाळवून पुन्हा वजन केल्यास दुकानदाराची सचोटी तोळ्यामाशांत कळते.

पोताप्रमाणें रंगाचीही क्रांति याच काळांत झाली. खानदेशांत तांबड्या रंगासाठीं आल नांवाच्या झाडाच्या मुळ्या लागत आणि निळ्यासाठीं नीळ. यावल निळीसाठीं आणि फैजपूर रंगकाम व छपाईसाठीं प्रसिद्ध होतें. आलीचा रंग चढविणें हें दिवसगतीचें काम असे. कापड तेलांत भिजवून, पुन्हा पुन्हा धुवून, तुरटी लावून मगच तें रंगांत उकळावें लागे. या कष्टांमुळेंच तो रंग कापडाबरोबर म्हातारा होई. इ. स. १८५६ मध्यें इंग्लंडांत डांबरापासून पहिला कृत्रिम रंग निघाला. १८६८ मध्यें मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतील तांबडें द्रव्य जर्मन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत तयार केलें. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. आलीचीं शेतें गेलीं, निळीचे हौद कोरडे पडले आणि रंगाऱ्यांच्या घराण्यांतील विद्या निरुपयोगी ठरली.

कृत्रिम रंग तेवढा कच्चा आणि देशी तेवढा पक्का, असें मात्र मानूं नये. कृत्रिम नीळ ही रसायनदृष्ट्या झाडाच्या निळीसारखीच असते. पक्कें रंगविलेलें कृत्रिम तांबडें पुष्कळ वर्षें टिकतें. उलट हळदीचा देशी पिवळा रंग उन्हांत चटकन उडतो. पक्केपणा रंगाच्या कुळावर नसून रंगविण्याच्या श्रमावर अवलंबून असतो. दुकानांत याची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आंतल्या कोपऱ्यावर दहा-वीस वेळां घासावा. रुमालावर रंग उतरला, तर तें कापड निदान पांढऱ्या कपड्यांबरोबर धुण्याच्या लायकीचें नाहीं. काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचें असेल तर ही परीक्षा कधींच चुकवूं नये; कारण गडद काठाचा रंग फिक्या अंगांत उतरला, कीं सबंध लुगडें फुकट गेलें.

इकडे खानदेशाच्या भूमींतही गिरण्या उभ्या राहिल्या. जळगांवची खानदेश मिल १८७३-७४ च्या सुमारास सुरू झाली. मुळजी जेठा यांच्या पेढीशीं तिचें नांव निगडित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमळनेरास प्रताप शेठजींची प्रताप मिल निघाली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेंत या गिरण्यांचें धोतर-लुगडें अभिमानानें नेसलें गेलें. शेत, गिरणी आणि पेठ हीं तिन्ही एकाच जिल्ह्यांत आल्यामुळें तुटलेली सांखळी पुन्हा जुळेल असें वाटूं लागलें. पण गिरणीच्या दारावर गिऱ्हाईक जात नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचतें तें ठाणावरचें रंगीत चित्र. देवीदेवतांचीं, हत्तीघोड्यांचीं हीं चित्रें अक्षरशत्रु गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीं होतीं. गेल्या वर्षीं ज्या चित्राचा माल टिकला, त्याच चित्राचा माल तो यंदा मागे. तेवढ्यापुरती ती विश्वासाची खूण होती, आणि म्हणूनच तिची नक्कलही होई.

खादीच्या चळवळीसही हा अनुभव आला. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपुरास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेडेगांवांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन हें त्याचें मोठें आकर्षण होतें. खादीस मान मिळाला, तशी जाडेंभरडें गिरणीचें कापड खादी म्हणून खपविण्याचीही युक्ति निघाली. १९२५ मध्यें स्थापन झालेल्या चरखा संघास म्हणूनच प्रमाणित दुकानांची पद्धत ठेवावी लागली. हातसुतास हातसूत म्हणून ओळखण्याची खूण साधी आहे: त्याच्या धाग्यांत ठिकठिकाणीं बारीक जाडपातळपणा असतो, पण तो कोठेंही एकाच ठराविक अंतरानें येत नाहीं. यंत्राचा दोष नियमित असतो. हाताचा दोष अनियमित असतो.

दुसऱ्या महायुद्धांत छापेनें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. कापड मिळेनासें झालें, भाव चढले, तेव्हां १९४३ च्या नियंत्रण हुकुमानें कापडाचे कमाल भाव ठरवून ते ठाणावर छापण्याची सक्ती केली. आतां गिऱ्हाइकास लांबीबरोबर किंमतही वाचतां येऊं लागली. तरी अनुभव असा आला, कीं माल मुबलक नसला म्हणजे छापलेला भाव कागदावरच राहतो. छापील भावाचें कापड ‘संपलें’ असतें आणि तेंच कापड मागच्या दारानें चढ्या दरानें मिळतें. जानेवारी १९४८ मध्यें नियंत्रण उठविलें, भाव भडकले आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धाच्या आरंभीं तें पुन्हा बसवावें लागलें. यावरून धडा घ्यावयाचा तो हा, कीं निकड ही गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी शत्रु होय. अखाजीला माहेरीं येणाऱ्या लेकीचें लुगडें आदल्या सायंकाळीं घेणारा आणि लग्नाच्या चार दिवस आधीं बस्ता बांधणारा यांना भाव करण्याची शक्ति उरत नाहीं.

उधारीचेंही तसेंच. कापूस निघेल तेव्हां पैसे देऊं, या बोलीवर कापड घेण्याची चाल कापसाच्या मुलुखांत सर्वत्र दिसते. तींत व्याज तर जातेंच. पण त्याहून अधिक कांहीं जातें. उधारीनें घेणारा मनुष्य शेजारच्या दुकानीं जाण्याचा आपला हक्क गहाण टाकतो. दुकानदार दाखवील तो माल आणि सांगेल तो भाव त्यास मुकाट्यानें घ्यावा लागतो. म्हणून बस्त्याची यादी, प्रत्येक मानकऱ्याच्या वस्त्राची रक्कम आणि एकंदर मर्यादा घरींच लिहून घ्यावी आणि रोकड जेवढी असेल तेवढ्याचाच बस्ता बांधावा. आहेराच्या टोप्या-उपरण्यांत हलका माल घेऊन जी काटकसर होते ती खरी काटकसर नव्हे. दोन वस्त्रें कमी, पण नेसण्याजोगीं देणें हें देणाऱ्यासही शोभतें.

स्वातंत्र्यानंतर मापें व छापा दोन्ही बदलल्या. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं व १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें रूढ झालीं. वार ९१ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक, तर मीटर शंभरांचा. नऊवारी म्हणजे सुमारें ८.२३ मीटर आणि सहावारी म्हणजे सुमारें ५.४९ मीटर, हा हिशेब ध्यानांत ठेवला, कीं अपुरें लुगडें दुकानांतच ओळखतां येतें. मीटरपट्टी आपल्या हातीं मागून घ्यावी. कापड ताणून मोजलें जात असेल, तर तें सैल सोडून पुन्हा मोजावयास सांगण्यांत संकोच करूं नये. पन्हाही मोजावा, पन्ह्यांत चार बोटें कमी असलीं, तर शिंप्याकडे अर्धा मीटर जास्त लागतो आणि स्वस्त कापड महाग पडतें.

जुन्या गिरण्यांचा काळ आतां मावळला आहे. जळगांवची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल बंद पडल्या. १८५७ नंतर उत्तरेकडून येऊन मालेगांव, धुळें, बऱ्हाणपूर या बाजूस स्थायिक झालेल्या विणकरांच्या वंशजांनीं हातमागाच्या जागीं यंत्रमाग बसविले. जळगांवचें फुले मार्केट किंवा धुळ्याचा जुना आग्रा रोड व पांचकंदील या भागांत आज देशभरचा माल येतो, आणि त्यांत निव्वळ सूत ओळखणें पूर्वींपेक्षां कठीण झालें आहे. कारण आतां लबाडी मातीची नसून धाग्याच्या जातीची असते. यावर जुना उपाय अग्निपरीक्षेचा. काठाजवळचे दोन धागे मागून घेऊन बाहेर जाळून पाहावे. सूत कागदासारखें जळतें व मऊ राख ठेवतें. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची काळी गुठळी बोटांनीं चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतें व त्याचा कठीण मणी उरतो. रेयॉन सुतासारखेंच जळतें. पण त्याचा धागा ओला केला म्हणजे सुताच्या मानानें सहज तुटतो.

जरीच्या वस्त्रांत आणि अलंकारांत तर डोळ्यांवर विसंबणें म्हणजे तोटा ओढवून घेणें होय. बऱ्हाणपूर हें तारकसांचें शहर. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून तिची केसासारखी तार ओढावयाची, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावयाची, म्हणजे कलाबतू तयार होई. धातूचा कस राखण्यासाठीं ही कांब टांकसाळींत तपासून घेण्याची वहिवाट तेथें एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. आज ‘जर’ या एकाच शब्दाखालीं चांदीची, तांब्याची आणि प्लास्टिकच्या पापुद्र्याची अशा तीन वस्तु विकल्या जातात. जरीचा सुटा धागा नखानें खरवडल्यास खालीं तांबूस धातु दिसला तर जर तांब्याची. ज्योतीजवळ नेतांच आंखडून वितळली तर प्लास्टिकची. तिन्हींपैकीं कोणतीही घ्यावी, पण किंमत तिच्या जातीची द्यावी. चांदीच्या जरीचें लुगडें जुनें झालें तरी जरीचे पैसे येतात. इतर दोहोंचें तसें होत नाहीं.

सोन्याविषयीं कायद्यानें बरेंच काम सुकर केलें आहे. हॉलमार्कची पद्धत २००० सालीं सुरू झाली आणि २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. २२ कॅरटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आंकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण भिंगानें वाचतां येते. कापडासाठींही रेशमाची खूण २००४ पासून, हातमागाची २००६ पासून आणि खादीची २०१३ पासून आहे. १९८८ च्या नियमांनीं कापडावर धाग्यांचें प्रमाण लिहिण्याची सक्ती केली आहे. मात्र १८८९ च्या छापेचा धडा येथेंही लागू पडतो. रेशमाची खूण रेशीम असल्याचें सांगते, तें जरीविषयीं बोलत नाहीं. हातमागाची खूण माग सांगते, रंगाचा पक्केपणा नव्हे. हॉलमार्क कस सांगतो. घडणावळ, घट आणि खड्यांचें वजन यांचा हिशेब गिऱ्हाइकासच विचारावा लागतो. खडे सोन्याच्या वजनांतून वजा केले आहेत कीं नाहींत, हा प्रश्न एकदां स्पष्ट शब्दांत विचारला, कीं पुष्कळसा गोंधळ तेथेंच मिटतो.

अखेरची छाप गिऱ्हाइकानें स्वतः मागून घ्यावयाची असते. ती म्हणजे पावती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें पावती न देणें हा अनुचित व्यापार ठरविला आहे. सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांच्या आंत, परत घेण्यास नकार देणें हेंही त्याच सदरांत येतें. पावतीवर नुसतें ‘साडी एक’ असें लिहून घेऊं नये. सुती कीं रेशमी, जर कोणती, लांबी किती, रंग पक्का म्हणून सांगितला कीं नाहीं, हें दुकानदाराच्या हातानें लिहवून घ्यावें. प्रामाणिक दुकानदार तें आनंदानें लिहितो, कारण त्यामुळें त्याचा माल शेजाऱ्याच्या हलक्या मालापासून वेगळा ठरतो. जो लिहिण्यास कांकूं करतो, त्यानें आपल्या मालाची परीक्षा न सांगतांच दिलेली असते.

पूर्वीं विणकराचें तोंड ही हमी होती, पुढें दलालाचा मासला झाला, मग गिरणीचें चित्र आणि सरकारचा आंकडा झाला. या प्रत्येक हमीच्या मागें कोणा ना कोणा गिऱ्हाइकाची तक्रार उभी आहे. मँचेस्टरच्या खरीददारानें तक्रार केली आणि त्याला दोन-तीन वर्षांत कायदा मिळाला; खानदेशच्या खेड्यांतील बाईची तक्रार नदीच्या घाटावर, विरलेलें लुगडें पिळतां पिळतां, तेथेंच विरून गेली. तिला भाव करतां येत नव्हता असें नाहीं. मालाविषयीं चार नेमके प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार आहे, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. तो अधिकार आज कायद्यांत लिहिलेला आहे. तो वापरावयाचा तर दुकानाच्या गादीवर बसल्याबरोबर रंगाकडे पाहण्याच्या आधीं कापडाचा कोपरा मुठींत धरावा, आणि ज्या बोटांना रुईची लांबी कळते त्या बोटांना कापडाविषयींही आपलें मत देऊं द्यावें.